वर्गणीदारांची वही

चैत्र वद्य चतुर्दशीस भरलेली यात्रा उलगते आणि वज्रेश्वरीचा रस्ता एकाएकी मोकळा होतो. भिवंडी, वसई, वाडा, कल्याण या बाजूंनी लोटलेला जनसमुदाय आला तसा निघून जातो. टेकडीवरील देवालयाच्या ५२ पायऱ्या चढून, वाटेतल्या पायरीवरील कासवाला हात लावून, देवीचे दर्शन घेऊन, अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान उरकून आणि गणेशपुरीस स्वामी नित्यानंदांच्या समाधीपुढे माथा टेकून मंडळी आपापल्या घरी पांगतात. त्यांतील कोण कोठला, तो पुन्हा केव्हा येणार, या स्थानाविषयी त्याला आणखी काय जाणून घ्यावेसे वाटते, याचा मागमूस मागे राहत नाही. हजारो माणसे आली व गेली, एवढेच काय ते उरते.

आता अशी कल्पना करावी, की वज्रेश्वरीतील चार गृहस्थांनी एकत्र बसून या क्षेत्राची एक मासिक पत्रिका काढण्याचे मनात आणले. त्यांत एक शाळामास्तर आहेत, एक धर्मशाळेचे चालक आहेत, एक प्रसादाचे दुकानदार आणि चौथा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण. छापखान्याचा व टपालाचा खर्च त्यांना परवडणारा नाही. तेव्हा पत्रिका ईमेलने धाडावयाची, असे तरुण सुचवितो व इतरांस ते पटते. बेत सोपा दिसतो. परंतु दोन घटका झाल्या नाहीत तोच खरी अडचण पुढे येते. ही पत्रिका पाठवावयाची कोणाला? धर्मशाळेचे चालक म्हणतात, आपल्या उतारूंच्या वहीत दहा वर्षांची नावे व पत्ते आहेत, तेच घ्यावे. आणि येथेच हा उद्योग बहुधा बिघडण्यास आरंभ होतो.

नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी ज्यांनी नामावळीच्या जुन्या वह्या पाहिल्या आहेत, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. यजमान क्षेत्री आला म्हणजे उपाध्ये त्याच्या कुळाची वही काढतात, आज्या-पणज्यांची नावे वाचून दाखवितात, आणि मग यजमान त्याच वहीत आपल्या हाताने आपले नाव, गाव, मुलाबाळांची नावे लिहून खाली सही करतो. अमुक कुळाचे उपाध्ये अमुकच, हा हक्क अशा हस्ताक्षरांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. वहीचे सारे मोल ‘आपल्या हाताने’ या दोन शब्दांत आहे. उतारूंच्या वहीतले नाव खोली मिळावी म्हणून दिलेले असते, पत्रे यावीत म्हणून नव्हे. ते उचलून त्यावर पत्रिका धाडू लागणे म्हणजे पाहुण्याने जोडे बाहेर काढले म्हणून ते वापरावयास घेण्यासारखे आहे.

ईमेलच्या जगात हा प्रमाद फार जुना आहे. संगणकाच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र धाडण्याची युक्ती रे टॉम्लिन्सन यांनी १९७१ साली साधली. त्यानंतर सातच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या एका विक्रेत्याने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना, त्यांतल्या एकाचीही अनुमती न घेता, एकदम पाठवून दिली. थोडाबहुत माल खपला म्हणतात, पण तक्रारींचा जो गदारोळ उठला त्याचीच आठवण जगाला राहिली. आता तर भारतातील २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानेही असे धोरण ठरविले आहे, की माहिती वापरण्यास माणसाची स्पष्ट संमती हवी आणि ती ज्या सुलभतेने दिली त्याच सुलभतेने त्याला परत घेता आली पाहिजे. नामावळीच्या वहीला जे उपजत कळले होते ते कायद्याने कलमांत बसविले, इतकेच.

तेव्हा वही कोरीच उघडावी हे उत्तम. ज्याला पत्रिका हवी त्याने आपला पत्ता स्वतः द्यावा. त्यावर एक लहानसे पत्र जावे, ‘आपणच नाव दिले काय?’ असे विचारणारे. त्याचा होकार आल्यावरच नाव वहीत चढावे. या दुसऱ्या फेरीत काही नावे गळतील. गळू द्यावीत. ज्यांची अक्षरे चुकली, ज्यांनी दुसऱ्याचा पत्ता दिला, किंवा ज्यांची हौस पायऱ्या उतरेपर्यंतच टिकली, तीच ही नावे असतात. माहितीही बेताची मागावी. पत्ता आणि फार तर गाव. जन्मतारीख, दूरध्वनीचा क्रमांक, वार्षिक उत्पन्न असले प्रश्न देवस्थानाच्या पत्रिकेने विचारले, तर सुज्ञ मनुष्य लेखणी खाली ठेवतो.

नाव मागण्याची जागा व वेळ यांचेही एक शास्त्र आहे. पायऱ्यांच्या तोंडाशी मोठा फलक लावून त्यावर चौकोनी संकेतचित्र छापले, तरी हातात नारळ, काखेत मूल आणि मागून रेटणारी गर्दी अशा अवस्थेत कोणी मोबाईल काढून नाव नोंदवीत बसणार नाही. तोच मनुष्य कुंडावरून स्नान करून येतो, खाणावळीत पान मांडले जाण्याची वाट पाहत बसतो, तेव्हा त्याला पाच मिनिटे निवांत असतात. त्या मेजावर गेल्या महिन्याच्या पत्रिकेचा एक छापील कागद ठेवला असेल तर तो वाचतो, आणि वाचून गोडी लागली तर नाव देतो. आधी वानगी, मग मागणी, हा बाजाराचा साधा क्रम. पत्रिका काढणारी मंडळी नेमकी तोच विसरतात.

पण वानगी दाखवावयाची तर हाती माल हवा. या बाबतीत महाराष्ट्रात एक उदाहरण असे घडले आहे, की पत्रिका काढू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्याचा अभ्यास करावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या वेळच्या औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आपला कारखाना नेला व किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगर हा त्यांचा मुख्य माल. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे आरंभी नांगर खपता खपत नव्हते. माल चांगला असून भागत नाही, माणसाच्या मनाशी बोलावे लागते, हा धडा त्या कारखान्याला असा पहिल्यापासूनच मिळाला होता. १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक लहानसे पत्र निघू लागले. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांस व अडत्यांस कळावी, मालाची जाहिरात व्हावी, एवढाच त्याचा मूळ उद्देश. संपादक होते शंकर वासुदेव किर्लोस्कर. ते वृत्तीने व शिक्षणाने चित्रकार, पण कारखान्याच्या कामात पडलेले.

असल्या पत्राचे नशीब बहुधा ठरलेले असते. पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी मालाच्या किमतीचे तक्ते, तिसऱ्या वर्षी रद्दी. ‘खबर’ या वाटेने गेली नाही, याचे कारण तिच्या संपादकाने एक गोष्ट लवकर हेरली. नांगर घेणारा मनुष्य वर्षातून एखादाच दिवस नांगराचा गिऱ्हाईक असतो. उरलेले दिवस तो बाप असतो, नवरा असतो, गावकरी असतो, आणि त्याला उद्योगाविषयी, आरोग्याविषयी, जगात चाललेल्या नव्या गोष्टींविषयी कुतूहल असते. पत्राने नांगराच्या गिऱ्हाइकाशी न बोलता या माणसाशी बोलावयाचे ठरविले. उद्योगी माणसांची चरित्रे, नवे शोध, चित्रे, विनोद, पुढे कथा व समाजसुधारणेचे निर्भीड लेख त्यात येऊ लागले, आणि कारखान्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता असे लोक वर्गणी भरून ते मागवू लागले. भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते वि. दा. सावरकर यांच्या सूचनेवरून ‘खबर’ हा फारसी शब्द गळाला व ‘किर्लोस्कर’ एवढेच नाव राहिले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध पुढे त्याच मासिकातून महाराष्ट्राने वाचले व त्यांवर कडाक्याचे वादही केले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ अशी आणखी दोन मासिके त्याच घरातून बाहेर पडली. नांगराच्या जाहिरातीच्या पोटी ‘स्त्री’सारखे मासिक जन्मास यावे, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर टीकाकारांनी त्यास असंभाव्य ठरविले असते.

अमेरिकेतही नांगरांच्याच एका कारखान्याने, जॉन डीअर यांच्या पेढीने, १८९५ साली ‘द फरो’ नावाचे पत्र शेतकऱ्यांसाठी काढले आणि ते आजतागायत चालू आहे. तेथेही शेतीची माहिती पुढे आणि कारखान्याचा माल मागे, असाच क्रम राहिला.

वज्रेश्वरीच्या त्या चौघांनी यातून काय घ्यावे? पहिला अंक ते बहुधा इतिहासावर लिहितील. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीस नवस केला, वसई सर झाली आणि मग किल्ल्यासारख्या तटाचे देवालय उभे राहिले, ही कथा गावातील पोरासोरांनाही पाठ आहे. ती पहिल्या अंकात यावी. पण दुसऱ्या अंकात तीच निराळ्या शब्दांत, तिसऱ्यात तिच्यावर कोणाचा तरी लेख, आणि चौथ्यात देणगीचे आवाहन, असा प्रकार झाला की पाचवा अंक कोणी उघडीत नाही. वाचकाला ठाऊक असलेली गोष्ट त्याला पुन्हा सांगणे हा त्याचा वेळ घेण्याचा प्रकार होय. उलट, ज्या गोष्टी गावातल्या माणसाला सहज कळतात पण डोंबिवलीस बसलेल्याला कळण्याचा मार्ग नाही, त्या गोष्टी म्हणजे पत्रिकेचे खरे भांडवल. रस्त्याचे काम कोठवर आले, कोणत्या कुंडाची साफसफाई कधी आहे, नवरात्रात सकाळी किती वाजता गेले असता वृद्ध माणसाला गर्दीवाचून दर्शन घडेल, पायऱ्या चढवत नाहीत त्याची काय सोय, हे मजकूर क्षुल्लक भासतात. आईला घेऊन निघालेल्या मुलाला मात्र याहून मोलाचे दुसरे वाङ्मय नाही.

शिर्डीच्या संस्थानाचे ‘श्रीसाईलीला’ मासिक १९२३ साली सुरू झाले, आणि गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’चे ओवीबद्ध अध्याय त्यातून क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत गेले. पुढल्या अध्यायाची ओढ ही वर्गणी टिकविणारी मोठी शक्ती असते. क्षेत्राच्या पत्रिकेनेही एखादा विषय असा धरावा की जो एका अंकात संपणार नाही. तानसेच्या काठावर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या टापूत उष्ण पाण्याचे झरे विखुरलेले आहेत. त्यांतला दर महिन्यास एक घेऊन त्याची जागा, त्याचा वापर, त्याच्याशी निगडित झालेल्या गावगोष्टी अशी मालिका चालविली, तर वर्ष दीड वर्ष सहज निभेल.

मात्र येथेच एक मोहाचे स्थान आहे. या पाण्याने त्वचेचे विकार बरे होतात, संधिवात जातो, अशी श्रद्धा पुष्कळांची आहे, आणि तसे ठासून लिहिले तर वाचक वाढतील यात संशय नाही. एखाद्या रोग्याने त्या भरवशावर औषध सोडले तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? पत्रिकेने लोक काय मानतात ते लोकांचे म्हणून सांगावे, पाणी किती कढत असते व लहान मुलांस कोठे उतरवू नये ते आपल्या जबाबदारीवर सांगावे, आणि रोगाची गोष्ट वैद्य-डॉक्टरांकडे सोपवावी. अशा सावधपणाने चार वाचक कमी मिळतील; ते कमी मिळालेलेच बरे.

एकट्या लेखणीवर पत्र चालते काय, ही शंका नेहमी विचारली जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक निघाले. सरकारी शाळेची नोकरी सांभाळून, ती सोडल्यावर नव्या शाळेची व छापखान्याची उठाठेव करून, जवळजवळ सारा मजकूर एकट्याने लिहिला. आजच्या ईमेल-पत्रिकांत जी जिवंत आहेत त्यांतली पुष्कळशी ‘निबंधमाले’च्याच जातीची आहेत, म्हणजे एका माणसाचा आवाज ऐकण्यासाठी लोक ती घेतात. चौघांच्या पत्रिकेसही एकच आवाज असावा. माहिती चौघांनी आणावी, लिहावे एकाने. शाळामास्तर लिहिणार असतील तर इतर तिघांनी वाक्यांत ढवळाढवळ करू नये. तपशिलाची चूक मात्र निर्दयपणे दाखवावी.

तरुणाचे लक्ष या साऱ्याहून दुसरीकडे असते. त्याला आकडा हवा असतो. किती जणांस पत्र गेले, किती जणांनी उघडले. जुन्या मासिकांच्या व्यवस्थापकांना हा आकडा व्ही. पी.ने कळत असे. वर्ष संपले की पुढील वर्षाचा पहिला अंक व्ही. पी.ने जाई, सोडवून घेतली तर वर्गणीदार कायम, आणि परत आली तर टपालखर्चाचा भुर्दंड सोसून वहीत तांबड्या शाईची रेघ. ती रेघ कितीही दुःखद असली तरी खरी असे. ईमेलचा ‘उघडले’ हा आकडा तितका खरा नाही. पत्रातले एक अदृश्य चित्र वाचकाच्या यंत्राने मागविले की पत्र उघडले असे मोजतात. पण २०२१ सालापासून ॲपल कंपनीच्या टपालव्यवस्थेत खाजगीपणाच्या रक्षणाची जी सोय आली, तीत ही चित्रे माणसाने पत्र न उघडताही आधीच मागवून ठेविली जातात. त्यामुळे न वाचलेली पत्रेही वाचल्यात जमा होतात. त्यापेक्षा किती जणांनी उलट उत्तर लिहिले हा आकडा लहान असतो पण विश्वासू असतो. प्रत्येक अंकाच्या शेवटी एखादा साधा प्रश्न विचारावा, ‘आपल्या घरातून वज्रेश्वरीस प्रथम कोण आले होते?’ असा. चारशे वाचकांतून पंधरा उत्तरे आली, तर त्या पंधरांत पुढल्या तीन अंकांचा मजकूर असतो.

तांबड्या रेघेचीही लाज बाळगू नये. जो वर्षभर उत्तर देत नाही, दुव्यावर बोट ठेवीत नाही, त्यास एकवार विचारावे आणि मौन राहिल्यास नाव काढावे. आता तर हे केवळ सौजन्य राहिलेले नाही. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांवर नियम घातले आहेत. दिवसाला ५००० वा अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध करावी, नाव काढून घेण्याची सोय एका स्पर्शात ठेवावी, आणि नकोशा पत्रांच्या तक्रारी हजारी तीनपर्यंत पोहोचू देऊ नयेत. वज्रेश्वरीची पत्रिका त्या संख्येस केव्हा पोहोचेल ते देवी जाणे, परंतु लहानपणीच लागलेली शिस्त मोठेपणी जड जात नाही. नाव काढण्याची ओळ बारीक अक्षरांत तळाशी दडविणारे संपादक पुष्कळ आहेत. वाचकाला बाहेरचा दरवाजा सापडला नाही की तो तक्रारीच्या खुणेवर बोट ठेवतो, आणि मग ज्यांना पत्रिका हवी आहे त्यांच्याही पत्रांची रवानगी रद्दीच्या कप्प्यात होऊ लागते.

एक बारीकशी गोष्ट मराठी पत्रिकेपुरती. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटांहून मोठे पत्र मध्येच तोडून दाखविते. रोमन अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. नुसत्या मजकुराने ही मर्यादा सहसा गाठली जात नाही; पण रंगीत चौकटी, नक्षी, वेलबुट्ट्या यांची अदृश्य भाषा पत्रात भरली की मराठी अंकाचे शेपूट इंग्रजीच्या आधी तुटते, आणि तुटते ती नेमकी नाव काढण्याची ओळ. साधा अंक हाच सुंदर अंक, हे येथे तंत्रानेच शिकविले आहे.

पैशाचा प्रश्न टाळून चालत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले. स्तंभच्या स्तंभ ते स्वतः लिहीत. वर्गणीचे बळ अपुरे पडू लागले तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता अग्रलेखातच वाचकांपुढे हिशेब मांडला व ‘“बहिष्कृत भारता”चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असा सवाल केला. पत्र १९२९ मध्ये बंद पडले. त्या वाचकवर्गाचे दारिद्र्य पाहता ते इतके दिवस चालले याचेच आश्चर्य वाटावे. मागावयाचे तर असे, कारण सांगून, उघडपणे आणि क्वचित मागावे. दर अंकाच्या डोक्यावर देणगीची पेटी टांगणाऱ्या पत्रिकेला लोक पत्रिका म्हणत नाहीत, पावतीपुस्तक म्हणतात.

त्या चौघांच्या वहीत पहिल्या पावसाळ्यापर्यंत चाळीस नावे जमली असतील, त्यांतील निम्मी आप्तेष्टांची. आषाढात तानसा तलाव काठोकाठ भरतो. १८९२ साली पुरे झालेल्या, मुंबईस पाणी पुरविणाऱ्या त्या धरणावरून पाणी वाहू लागले की खालच्या गावांना सावधगिरीची सूचना जाते आणि नदीला लागून असलेल्या कुंडांवर जाणे धोक्याचे ठरते. ठरलेला अंक पहिल्या तारखेस जावयाचा. परंतु शनिवारी दुपारी पाणी चढू लागलेले शाळामास्तर पाहतात, आणि अंकाची वाट न पाहता चाळीस जणांस चार ओळी धाडतात, की उद्या रविवारी कुंडांवर येऊ नये, दर्शनास यावयाचे तर दुपारनंतर रस्त्याची चौकशी करून निघावे. डोंबिवलीचा एक वाचक त्या ओळी आपल्या बिऱ्हाडकरू शेजाऱ्यांना दाखवितो. सोमवारी सकाळी वहीत एक्केचाळिसावे नाव चढलेले असते.